रेस नाही, नुसतं वळण शिकायचंय

सगळ्यात आधी मी पडले. हे सांगितल्याशिवाय पुढचं कोणाला पटत नाही, आणि सांगितलं तरी बहुतेकांना पटत नाहीच.

माझी शाळा अनसिंगच्या पुढे, घर वाशिमला. नवऱ्याची पाठ धरायला लागली आणि डॉक्टरांनी त्याची मोटारसायकल बंद केली, तेव्हा अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिलेली त्याची साडेतीनशे सीसीची गाडी मी बाहेर काढली. तोवर मी स्कूटीवाली. पहिल्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी बघ्यांची गर्दी जमायची, नंतर सगळ्यांना सवय झाली, मलाही झाली. त्या गाडीवरून मी विज्ञानाच्या पेपरांचे गठ्ठे वाहिले, गॅसचं सिलिंडर आणलं, भीमजयंतीच्या रॅलीत पांढरी साडी नेसून बायकांच्या पुढे चालवली. गाडी आपल्याला येते असा माझा पक्का समज होता.

मग एका वर्षी, सोयाबीन काढणीच्या दिवसांत, एका वळणावर सांडलेल्या कुटारावरून, म्हणजे सोयाबीनच्या भुशावरून, मागचं चाक सरकलं. वाळलेलं कुटार साबणासारखं घसरतं. मी घाबरून ब्रेक दाबला. गाडी आडवी झाली आणि मी तिच्या शेजारी. शेजारच्या वावरातून दोन बाया धावत आल्या. एकीनं मला उचललं. दुसरी गाडीकडे बघत म्हणाली, "मायबाई, एवढं मोठं धूड कायले घेतलं वो मॅडम?"

गुडघा सोलवटला होता, तो बरा झाला. वळणाची भीती मात्र बरी होईना. सरळ रस्त्यावर मी पहिल्यासारखीच होते. वळण दिसलं की बोटं आखडायची, खांदे कानापर्यंत यायचे आणि गाडी इतकी हळू व्हायची की मागची एसटी हॉर्न वाजवून वाजवून थकायची. एकदा नवरा कारमधून मागे होता. घरी आल्यावर म्हणाला, "अवं, ते वळण होतं, रेल्वे फाटक नाई. थांबून काहून राह्यली होती?"

जास्त चीड याची यायची की वळणाचं सगळं शास्त्र मला ठाऊक आहे. मी फळ्यावर वर्तुळ काढते, अभिकेंद्री बलाचे बाण काढते, मोटारसायकलवाला आत का झुकतो ते वर्गाला समजावते. मुलं वहीत उतरवून घेतात. फळ्यावरची माझी मोटारसायकल कधीच पडलेली नाही. रस्त्यावर मात्र माझं शरीर माझं ऐकत नव्हतं.

ट्रॅक डे हा शब्द मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सापडला. केरळातली एक बाई, साधारण माझ्याच वयाची, बँकेत नोकरी करणारी, सांगत होती की ती रेसर नाही आणि तिला व्हायचंही नाही. पण वर्षातून एकदा ती शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन दिवसभर गाडी चालवते. शर्यत नसेल त्या दिवशी ट्रॅक साध्या माणसांना चालवायला देतात. शिकवायला माणूस असतो. हळू चालवणारे वेगळे सोडतात, जोरात चालवणारे वेगळे. समोरून काही येत नाही. म्हैस नाही, ट्रॅक्टर नाही, खड्डा नाही. तेच वळण पुन्हा पुन्हा घ्यायचं, जमेपर्यंत.

मला वाटलं, हेच तर हवंय आपल्याला. जागा शोधायची, नाव नोंदवायचं, जाऊन यायचं. एवढी साधी गोष्ट.

या साध्या गोष्टीत माझं जवळजवळ वर्ष गेलं.

पहिल्या ठिकाणी फोन लावला, तर तिकडच्या पोरानं विचारलं, "सर, टीम कौनसी?" माझा आवाज काही पुरुषी नाही. मी म्हटलं, मी बाई आहे, टीम नाही, शाळेत शिकवते. "ओके मॅडम," तो म्हणाला, "तो रेसिंग लायसन्स का नंबर बोलिए." मी म्हटलं, मला रेस नाही करायची, वळण शिकायचंय. मग मागे कोणाला तरी तो हसून काहीतरी म्हणाला आणि फोन बंद.

दुसऱ्या ठिकाणचा माणूस फार अदबीचा होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, पिलियन अलाउड नहीं है, पीछे कोई नहीं बैठेगा. आपके हजबंड को अकेले आना पडेगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं पुन्हा अदबीनं ऐकलं आणि नवऱ्याचं वजन विचारलं.

तिसरा ट्रॅक डे एका मोटारसायकल कंपनीचा होता, तिथे त्या कंपनीच्या महागड्या गाड्या असणाऱ्यांनाच प्रवेश. माझ्या गाडीचं नाव ऐकून तिथली मुलगी "ओह" म्हणाली आणि घरात कोणी गेल्याची बातमी ऐकावी तशी गप्प झाली. चौथ्या जागेच्या वेबसाइटवर 'पुढचा ट्रॅक डे' म्हणून जी तारीख होती ती दोन वर्षांपूर्वीची. खाली लिहिलेलं, जागा थोड्याच शिल्लक, त्वरा करा.

पाचव्यानं मला एका व्हॉट्सअॅप ग्रुपात टाकलं. तारखा तिथेच कळतात म्हणे. त्या ग्रुपात सकाळी गुलाबाची फुलं यायची, दुपारी जुने टायर विकायला यायचे आणि रात्री इंजिनात कुठलं ऑइल टाकावं यावरून भांडणं व्हायची. ट्रॅक डेची तारीख एकदाच आली. बुधवारी संध्याकाळी आली आणि ट्रॅक डे शनिवारी होता. मी लगेच लिहिलं, माझं नाव घ्या. उत्तर आलं, फुल्ल. मी विचारलं, आत्ता तर सांगितलंत, फुल्ल कधी झालं? उत्तर आलं, "रेग्युलरवाल्यांना आम्ही आधी सांगतो." रेग्युलर व्हायला काय करावं लागतं? "चार-पाच वेळा आलं की होतं."

मी फोन उशीवर आपटला. उशीवर अशासाठी की तो फुटला असता तर शोध तिथेच थांबला असता.

घरी आणि शाळेत वेगळाच जाच. मंगरूळपीरहून माझे मामा आले होते. त्यांना मी मोठ्या उत्साहानं सगळं समजावलं. ते चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "म्हंजे पैसे देऊन गोल गोल फिराचं, आनि जिथून निंगालो तिथीच येऊन उतराचं?" शाळेत एका सहकाऱ्यानं विचारलं, रेसमध्ये पडलं तर वैद्यकीय रजा मिळते का. मी म्हटलं, रेस नाही. ते म्हणाले, "हो, पण समजा पडलं तर?"

शेवटी एक दिवस वैतागून मी त्या ग्रुपात लिहिलं, "वाशिम जिल्ह्यातलं कोणी आहे का इथे?" रात्रभर काही नाही. सकाळी गुलाबांच्या मध्ये दोन शब्द आले. "मी रिसोड."

नावाच्या जागी नुसता लाल मोटारसायकलचा फोटो. मला वाटलं, केस रंगवलेला, बावीस-तेवीसचा कोणी असेल. रविवारी तो भेटायला आला, तर दारात पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उभे, काखेत हेल्मेट. साठी ओलांडलेले. रिसोडला त्यांचं धान्याचं दुकान, आता मुलं बघतात. जैन घरातले. आत येताना त्यांनी चपला काढून नीट भिंतीशी लावल्या आणि चहा नको, साधं पाणी चालेल म्हणाले.

"मॅडम," ते म्हणाले, "मी बी काही रेसवाला नाई. पोरांनी साठीले ही गाडी घेऊन देल्ली. सहा गियरची हाय म्हनतात. सहावा कसा असते ते मले आजपर्यंत मालूम नाई. चौथा टाकला की समोरून ट्रॅक्टर येते."

"मग तुम्हाला नेमकं काय पाहिजे?" मी विचारलं.

"एकडाव, समोरून काहीच येनार नाई अशा रस्त्यावर चालवाची हाय. मंग मेलो तरी चालते."

माझा नवरा आतून म्हणाला, "शेठजी, मराचं नाव हिच्यासमोर काढू नका. ही मले आधीच मारून राह्यली या पायी."

वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला समजावून सांगायला न लावता समजलं होतं. त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून शोधू लागलो. दोघं मिळून म्हणजे वैताग दुप्पट.

कारण आता चामड्याची भानगड सुरू झाली. बहुतेक ट्रॅकवर चामड्याचा सूट सक्तीचा. घसरलात तर कातडी वाचते. माझ्यासाठी तो सूट भाड्यानं मिळायचा, पण पुरुषांच्या मापाचा. एका ठिकाणी सांगितलं, बाह्या दुमडून घ्या. शेठजींचा प्रश्न त्याहून अवघड होता. ते चामडं अंगाला लावत नाहीत. कमरेला कापडी पट्टा, पाकीट रेक्झिनचं, चपला रबराच्या. माझ्यासमोर त्यांनी एका ट्रॅकवाल्याला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला.

"सर, लेदर नहीं तो सेफ्टी नहीं," तिकडून आवाज आला.

"साहेब, दुसरं काही चालत नाही का? जाड कापड? आत गादी भरलेलं?"

"सर, यह ट्रॅक है, तकिया नहीं."

शेठजींनी शांतपणे फोन ठेवला. मी मात्र तापले होते. मी म्हटलं, तुम्ही त्याला काही बोलला का नाही? ते म्हणाले, "बोलून काय फायदा? त्याचं बी खरं हाय, माहं बी खरं हाय." मग थोड्या वेळानं त्यांनीच हळूच कबूल केलं, "पन राग लय आला, मॅडम."

मग आम्ही ठरवलं, आपणच आपली सोय करू. शेठजींच्या एका नातेवाइकाची कापसाची जिनिंग मिल बंद पडलेली होती. सिमेंटचं मोठं आवार, चारी बाजूंनी भिंत. रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. झाडून घेतलं. तेलाचे रिकामे डबे उलटे ठेवून वळणं आखली. फळ्यावर आखावी तशी मी खडूनं रेघही मारली. नवरा खुर्ची टाकून सावलीत बसला.

अर्धा-पाऊण तास छान गेला. मी डब्यांमधून गाडी काढत होते, हळू, पण न थांबता. शेठजी दुसऱ्या गियरमध्ये गोल फिरत होते आणि हेल्मेटच्या आत काहीतरी गुणगुणत होते. मग भिंतीवर एक डोकं दिसलं. मग पाच-सहा. मग भिंत भरली. कोणीतरी शिट्टी मारली. कोणीतरी मोबाइल काढला. जेवायच्या वेळेपर्यंत आमचा व्हिडिओ वाशिमभर फिरत होता, वर लिहिलेलं, 'काका-काकूंची स्टंटबाजी', आणि मागे ढोलाचं संगीत.

दुपारी एक पोलीस शिपाई आला. बिचारा सभ्य होता. "मॅडम, तुमी माह्या पुतनीले शिकवता," तो म्हणाला. "तुमी असं करान तर पोट्टे काय करतील?"

"अहो, मी शिकतेय," मी म्हटलं.

"काय शिकून राह्यल्या?"

"वळण घ्यायला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं. "येते की तुमाले. आत्ता तर पाह्यलं म्या."

जिनिंगवाल्या नातेवाइकानं संध्याकाळी फाटकाला नवं कुलूप घातलं.

शेवटी मार्ग सापडला तो हैदराबादकडे. शहराबाहेर छोट्या गो-कार्ट गाड्यांचा एक ट्रॅक होता. तिथे एक जुना रेसर महिन्यातून एखादा दिवस साध्या मोटारसायकलवाल्यांना शिकवायचा. गाडी तिथलीच मिळणार होती, जाडजूड कापडाचं पॅड लावलेलं जॅकेट आणि पँट चालणार होती, आणि फोनवर त्यानं मला एकदाही सर म्हटलं नाही. शेठजींनी कापडी सूट मागवला. मी माझ्या मापाचा घेतला. आम्ही तिघं वाशिमहून रेल्वेनं निघालो. नवरा म्हणाला, मी फक्त बिर्याणीसाठी येतोय.

सकाळी ट्रॅकच्या फाटकावर पोचलो, तर आत लग्नाआधीचं फोटोशूट चाललेलं. नवरदेव गो-कार्टमध्ये बसलेला, नवरी लांब घोळाचा झगा सावरत चौकटीचौकटीचा झेंडा हलवत होती. वॉचमन म्हणाला, "आज का ट्रॅक डे कॅन्सल. मेसेज नहीं मिला?"

मेसेज आला होता. आम्ही गाडीत झोपलो असताना आला होता.

मी त्या फाटकाशी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शाळेतल्या बाईच्या तोंडी ते शोभणार नाही. शेठजी बॅगेवर बसून शेंगदाण्याची चिक्की खात होते. त्यांनी मला एक तुकडा दिला. "मॅडम, तुमचं बोलून झालं की सांगा. मंग मी बोलतो," ते म्हणाले. पण त्यांची पाळी आलीच नाही, कारण वॉचमननं फाटक लावून घेतलं. नवऱ्यानं बिर्याणी खाल्ली, माझ्यासाठी लाखेच्या बांगड्या घेतल्या आणि परतीच्या गाडीत मला सीटवर जागा करून दिली. त्या दिवशी तो शहाणपणानं वागला हे मी मान्य करते.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मी गाडीत बसल्यावर, मधल्या प्रत्येक मोठ्या स्टेशनावर आणि उतरल्यावर फोन करून विचारलं, चालू आहे ना? चौथ्या फोनला तो रेसर म्हणाला, "मॅडम, मैं ट्रॅक पर ही खडा हूँ. आप आइए तो सही."

ट्रॅक फळ्यावरच्या वर्तुळापेक्षा बारीक आणि वेडावाकडा होता. आम्हाला दिलेल्या गाड्यांचे आरसे काढले, दिव्यांना चिकटपट्टी लावली, म्हणजे फुटले तर काचा उडू नयेत. आरसे नाहीत म्हटल्यावर मला आधी कसंतरी झालं. मग लक्षात आलं, मागे बघायचंच नाही इथे. मागच्यानं पुढच्याला सांभाळायचं. आपल्याकडे हा नियम उद्या लागू झाला तर मी एसटीवाल्यांना पेढे वाटीन.

आम्ही सात-आठजण होतो. एक दाताचा डॉक्टर, दोन कॉलेजची पोरं, एक नवरा-बायको, आणि आम्ही. प्रत्येकाला तीन खेपा ट्रॅकवर सोडणार होते. पहिल्या खेपेला मी वळणावळणाला थांबतच होते. रेसर माझ्या मागून दुसऱ्या गाडीवर येत होता. पन्नाशीचा, सुकलेला, गुडघ्यातून थोडा लंगडणारा माणूस. थांबल्यावर त्यानं हेल्मेट काढलं आणि विचारलं, "मॅडम, आप मोड के अंदर जाके डरते. क्यों?"

"तिथेच भीती वाटते ना," मी म्हटलं. "तिथेच पडले होते."

"डरना है तो बाहर डर लो," तो म्हणाला. "सीधे रस्ते पे ब्रेक, सीधे में गियर, डर का पूरा काम सीधे में निपटा लो. अंदर गए तो बस हल्की रेस. ब्रेक को हाथ नहीं लगाना."

मी वर्गात इतकी वर्षं बाण काढले, पण ब्रेक केव्हा सोडायचा ते कधी सांगितलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. दुसऱ्या खेपेला मी वळणाच्या बरीच आधी गाडी हळू केली, पोटभर घाबरून घेतलं आणि ब्रेक सोडला. हलकी रेस दिली, म्हणजे मूठ किंचित पिळली. गाडी आपसूक आत झुकली आणि बाहेर निघाली. काही झालंच नाही. मी इतकी गोंधळले की पुढच्या वळणाला तयारच नव्हते आणि ते पुन्हा बिघडवलं. मग पुन्हा जमलं. मग पुन्हा. डाव्या हाताचं एक लांब वळण होतं, ते मी चार-पाच फेऱ्यांत एकदाही न थांबता घेतलं. हेल्मेटच्या आत मी मोठमोठ्यानं स्वतःशी बोलत होते. "हल्की रेस, हल्की रेस." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि काचेमुळे पुसता येत नव्हतं, म्हणून त्याचाही राग आला.

शेठजींना सहावा गियर मिळाला नाही. ट्रॅक लहान, सहावा टाकायला सरळ जागाच नव्हती. पण समोरून काही येत नव्हतं. ते मान ताठ ठेवून, वरातीत घोड्यावर बसावं तसे फिरत होते. शेवटच्या वळणाला जरा जास्तच वेगात आले आणि गाडीसकट बाहेरच्या गवतात गेले. हळूच, झोपायला जावं तसे आडवे झाले. आम्ही सगळे धावलो. ते उठले, धूळ झटकली, हेल्मेट काढलं आणि गवताकडे वळून हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्," ते म्हणाले. क्षमा मागितली. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मॅडम, किडेमुंग्या असतीन ना आत." आणि मग इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. त्या माणसाला इतकं आनंदात मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

तिसरी खेप आम्हाला पूर्ण मिळाली नाही. कॅमेरे आणि रंगीत धुराच्या नळ्या घेऊन एक टोळी आली. त्यांना मोबाइलवर टाकायला व्हिडिओ काढायचे होते आणि त्यांनी ट्रॅक दुपारनंतर घेतलेला होता. आमच्या वेळेतला तुकडा त्यांनी आधीच खायला सुरुवात केली. मी त्यांच्या म्होरक्याशी भांडले. तो म्हणाला, "आंटी, चिल." मी चिल झाले नाही. मी त्याला मराठीत झापलं, कारण हिंदीत मला तेवढं नीट येत नाही. त्याला शब्द कळले नसतील, पण तो मागे सरकला. रेसरनं आम्हाला आणखी थोड्या फेऱ्या मारू दिल्या.

परत आल्यावर सोमवारी शाळेत प्रार्थनेच्या वेळी मला पुढे बोलावलं. शाल, नारळ. मुख्याध्यापकांनी भाषण सुरू केलं, "आपल्या मॅडमनी हैदराबाद येथे मोटारसायकलच्या शर्यतीत भाग घेऊन..." मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, सर, शर्यत नव्हती. त्यांनी माइकवर हात ठेवला. "मंग काय होतं?"

"शिकायला गेले होते."

"हो, पन नंबर कितवा आला?"

"नंबर नसतो त्यात."

"काही तर असन. बोर्डावर लिहाचं हाय." ते खरंच अडचणीत होते. मुलं उन्हात उभी होती. मी थकून म्हटलं, लिहा, मॅडम पडल्या नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि बोर्डावर लिहायला लावलं, 'शर्यतीत यशस्वी सहभाग'. तो बोर्ड सत्र संपेपर्यंत तसाच होता.

तेव्हापासून मला फोन येतात. कोणी विचारतं, बक्षीस काय मिळालं. कोणी मुलाला रेसर करायचं म्हणून सल्ला मागतं. मी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगते आणि प्रत्येक जण शेवटी नंबर विचारतो. परवा धनजहून एका नर्सबाईंचा फोन आला. गावोगाव लसीकरणाला मोटारसायकलवर जातात. "ताई," त्या म्हणाल्या, "मले रेस नाई कराची. उजव्या बाजूले वळताना माह्या हाताले कापरं भरते. ते जाईन काय तिथं?"

मी खुर्ची ओढून बसले. त्यांच्यासाठी मी त्याच संध्याकाळी हैदराबादला फोन लावला. तो नंबर आता वापरात नाही. दुसरा नंबर लागला, तर ट्रॅकच्या जागेवर गोदाम होतंय म्हणाले. रेसर कुठे गेला ते त्यांना माहीत नव्हतं. मी शेठजींना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "बंगलोरकडे एक हाय म्हनतात. चामडं लागते का ते विचारतो."

"ते नंतर विचारा," मी म्हटलं. "आधी तारीख विचारा. आणि त्या दिवशी लग्नाचे फोटो काढणार आहेत का, तेही विचारा."